एका डोळ्यावर उठायचं नाही

गेल्या मंगळवारी हमरापूरला माझ्या भयकथेची भरदुपारी फजिती झाली... आणि तिथेच ती सुधारलीही.

रोह्याला माझी मैत्रीण नलिनी हिच्याकडे आम्ही सहा जणी महिन्यातून एकदा जमतो, कथा वाचतो. मागच्या खेपेला मी स्वतः लिहिलेली गॉथिक कथा वाचली. ओसाड राजवाडा, धुकं, मेणबत्ती, जिन्यावरची पावलं... सगळं होतं. अर्ध्यात नलिनीचा डोळा लागला.

मनाला लागलं हो ते. कॉन्व्हेंटमध्ये लायब्ररीच्या तासाला असल्या इंग्रजी कथा मी श्वास रोखून वाचायचे. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा युनिफॉर्म, आणि डोक्यात सगळी तळघरं! आपल्या मराठी कथेने एकदा तरी कुणाच्या अंगावर काटा यावा, एवढीच हौस. शनिवारी पुन्हा वाचायची होती, म्हणून सुधारलेले कागद पर्समध्ये घेऊनच फिरत होते.

आमच्या पेणजवळच्या हमरापूरला गेले होते घरचा गणपती ठरवायला. तिथल्या एका कारखान्यात मंदाताई मूर्तींचे डोळे काढतात, आमची जुनी ओळख. जेवणाची सुट्टी होती. कागद दिसले तशा म्हणाल्या, "काय लिवलंय? वाचा की." मी वाचलं.

"बाई, ह्यो राजवाडा पेनमधी कुठं हाय?" मंदाताईंनी अगदी साळसूदपणे विचारलं.

शेजारी डबा खात बसलेली, रंगकाम करणारी सुरेखा त्यांना म्हणाली, "नि तो मानूस मेनबत्ती घेऊन कशाला फिरतोय गो? लाइट गेली काय?"

सगळ्या जणी खो खो हसल्या. मीही हसले... काय करणार! मग जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते, ते तरी सांगा."

मंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं. "एका डोळ्याची."

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. मूर्तीचा एक डोळा काढला आणि मध्येच उठलं, की आपण परत येईपर्यंत तो एकटाच बघत राहतो. "म्हनून मी एका डोळ्यावर उठत नाय. जोडी पुरी करायची, मंगच उठायचं."

"कधीच नाही?"

"नाय. आई गेल्याचा निरोप आला तवा एक डोळा झाला व्हता. दुसरा काढला. मंग उठले."

बाहेर लख्ख ऊन होतं. कुठेतरी रेडिओ चालू होता. आणि माझ्या हातावर सरसरून काटा आला... धुकं नाही, राजवाडा नाही, नुसती चार छोटी वाक्यं.

मी हळूच विचारलं, "हे लिहू का मी?"

"लिवा की. पन माझा हात थरथरला असं काय लिवू नका. नाय थरथरला. तिनंच शिकवलं व्हतं मला, डोळा तिरपा झाला असता तर तिलाच नसतं चाललं."

पेणला घरी आले आणि आधी राजवाडा पाडला. धुकं गेलं, जिना गेला. उरली एक बाई, एक ब्रश आणि दारात आलेला निरोप. विशेषणं खोडायला मला दोन दिवस लागले... पानभर लिहिण्यापेक्षा ते कितीतरी अवघड निघालं.

शनिवारी रोह्याला दुपारी चार वाजता कथा वाचली. संपेपर्यंत नलिनी टक्क जागी! शेवटी "चहा टाकते" म्हणून उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि तशीच मागे आली. "अगं, चला ना कुणीतरी माझ्याबरोबर..."

मग आम्ही सगळ्याच आत गेलो. एवढ्याशा ओट्यापाशी सहा बायका, एकीच्या हातात साखरेचा डबा, दुसरी गाळणं शोधतेय... हसण्याच्या नादात चहा उतू गेला.

घरी येऊन मंदाताईंना फोन केला. "घाबरल्या ना? बरं झालं," त्या खूश होऊन म्हणाल्या. मग विचारलं, "आईचं नाव घातलंत काय?"

मी घातलं नव्हतं. इतकी वर्षं ओळख, पण मला ते ठाऊकही नव्हतं. विचारून घेतलं... द्वारका.

आता कथेच्या माथ्यावर पहिलं नाव तिचं आहे. माझं त्याच्या खाली.