हबशाचा डायलॉग

गणपतीच्या नाटकात हबशाच्या तोंडाला मी काजळ फासायला घेतलं, तेव्हा तो आरशात बघून शांतपणे म्हणाला, ‘‘गुरुजी, काजळ कशाला नासवायलाव? हितं जागा हाय का कुठं?’’ सगळे हसले. मीही हसलो, आणि तरी फासलंच. खलनायक काळाच हवा, एवढीच माझी नाट्यकलेतली समज.

नाव त्याचं भानुदास. उदगीरच्या आडतीवर हमाली करायचा. काळाकभिन्न, दाराएवढे खांदे; म्हणून गल्लीनं त्याचा हबशी करून टाकला. भानुदासला ताप यायचा, हबशाला यायची सोय नव्हती. दाढ काढताना डॉक्टरनं त्याला भुलीचं इंजेक्शनच दिलं नाही. ‘‘म्हणला, तुला काय व्हतंय,’’ असं तो हसत सांगायचा आणि गालावर हात ठेवायचा.

नाटक मी लिहायचो, बसवायचो, आणि विंगेतून प्रॉम्प्टिंगही मीच करायचो. हिरो तलाठ्याचा गोरा मुलगा. तो आईसाठी रडायचा, प्रेमात पडायचा. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. हबशाला छाती ठोकून एकच वाक्य: ‘‘मरणाला भीत न्हाई, हबशी हाय मी!’’ शिट्ट्याच शिट्ट्या. पुढं वर्षभर हॉटेलात ते वाक्य म्हटल्याशिवाय त्याच्या हातात चहा पडत नसे. गल्लीतली पोरं मर्द व्हायचं म्हणजे तसंच छाती ठोकायची.

एकदा तालमीला तो लवकर आला. ‘‘गुरुजी, औंदा मला पळून जाऊ द्या की नाटकात. मला खरंच भ्या वाटतंय. हिरीत वाकून बघवत न्हाई.’’

मी पोट धरून हसलो. म्हटलं, हबशी पळाला तर लोक मंडपातून उठून जातील. मग तोही हसला.

पुढं लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, आणि पाऊस काही आला नाही. आडत ओस पडली. गल्लीच्या विहिरीनं तळ दाखवला. खाली उतरून गाळ कुणी काढायचा, हे ठरवायला कुणाला बैठक घ्यावी लागली नाही.

कमरेला दोर बांधून तो काठावर उभा राहिला. खाली बघेना. कुणीतरी म्हणालं, ‘‘हबशा, आधी डायलॉग.’’ त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, विसरला. इतक्या वर्षांची सवय. मी हळूच पहिला शब्द दिला, ‘‘मरणाला...’’

‘‘मरणाला भीत न्हाई,’’ तो म्हणाला. छाती ठोकली नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि तो उतरला.

दुपारी विहिरीची एक बाजू ढासळली.

त्याला माती देऊन आलो. बायकोनं अर्धी बादली पाणी ठेवलं होतं. तिला सगळं सांगितलं. मी दिलेला शब्दही. तिनं बादली माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाली,

‘‘एखाद्या साली त्याला घाबरायचं काम द्यायचं होतं तुम्ही. लोकांना बघायची सवय तरी झाली असती.’’