आखूड केसांची नवरी आणि ताईंचा अंबाडा

औचित्य हा गुण मोठा विनयी आहे. शौर्याचे पोवाडे होतात, दातृत्वाचे शिलालेख होतात. औचित्य मात्र जिथे असते तिथे कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि जिथे नसते तिथे आंधळ्यालाही त्याचा अभाव दिसतो. नाकापेक्षा मोती जड झाला की लोक मोत्याला हसत नाहीत, नाकाला हसतात. अलंकारशास्त्र जाणणाऱ्यांनी या गुणाला काव्याचा प्राण मानले ते यथार्थच होय. परंतु कवितेतले अनौचित्य फार तर पान उलटायला लावते. नवरीच्या डोक्यावरचे अनौचित्य फोटोत उमटते, आणि तो फोटो नातवंडांपर्यंत टिकतो.

हे सत्य ज्यांनी जन्मभर उराशी बाळगले, त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणत असे. बेकरी आणि चपलांचे दुकान यांच्या बेचक्यात त्यांचे केशरचनेचे एका खोलीचे दुकान होते. आत भिंतभर आरसा, आणि पायाने दाबून उंच होणारी एक खुर्ची. ती उंच होई. खाली येण्याचे मात्र तिने फार पूर्वीच सोडून दिले होते. त्यामुळे धिप्पाड नवरी आली की मावशी स्टुलावर चढून आपले कर्म आचरीत.

नवरी बसली की मावशी प्रथम काहीच करीत नसत. केस मोकळे सोडून, तळहात आडवा धरून, ते कुठवर पोचतात एवढेच पाहत. कानाच्या पाळीशी थांबणाऱ्या केसांना त्या एक भांग आणि चार फुले देत. त्याहून अधिक मागणे म्हणजे त्या केसांचा छळ होय, असे त्यांचे मत. हनुवटीला टेकणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी पीळ घालून मागे नेत. खांद्यावर रुळणाऱ्यांचा मानेवर सैल खोपा, पाठभर असतील तर वेणी. भरदार अंबाडा फक्त कमरेपर्यंतच्या केसांना, आणि तोही मान भक्कम असेल तर. "जागा बघून घर बांधावं," त्या म्हणत. "उसने केस आणि उसनं अवसान ऐन वेळी गळतात."

रचना पुरी झाली तरी नवरीची सुटका नव्हती. "आता समज, आत्या आग्रह करतेय. नाही म्हण," असे सांगून मावशी तिला जोरजोराने मान हलवायला लावीत. मग खदखदून हसायला सांगत. शेवटी रुमाल खाली टाकून तो उचलायला लावीत. एवढ्या कसोटीतून जी रचना हलली नाही, तीच लग्नाला जाई. मावशींच्या हातचा केस भर समारंभात सुटला, असे कधी घडले नव्हते.

अशा मावशींच्या दुकानात एका सकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, स्वतःच्या मुलीला दंडाला धरून आणले. मुलीचे लग्न तोंडावर आले होते. घरात तिला चिमणी म्हणत. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवी, म्हणून केस कानाच्या पाळीवर जाऊ देत नसे. आणि तलावातल्या औषधाच्या पाण्याने ते तांबूस झाले होते. ताईंच्या दुसऱ्या हातात एक पुठ्ठ्याचे खोके होते.

"हे बघ काय आणलंय," असे म्हणून त्यांनी झाकण उघडले.

आत काळ्याभोर केसांचे भलेमोठे गंगावन वेटोळे घालून पडले होते.

"मांजर आहे का?" चिमणीने वाकून पाहिले. "झोपलेलं दिसतंय."

"गप्प बस. याचा अंबाडा घालायचाय. एवढा." ताईंनी दोन्ही हातांनी दाखवलेला आकार सर्वसाधारण कलिंगडाचा होता.

"अगं ताई, पण तो अडकवायचा कशाला? हिच्या कानाला?"

"इतकी वर्षं हेच करतेस ना? अडकवता येत नाही?"

"खुंटी असली तर टोपी अडकवते. नुसत्या भिंतीवर कशी अडकवू?"

"म्हणजे मी भिंत," चिमणी म्हणाली. "चालेल. भिंतीला केस विंचरावे लागत नाहीत."

ताईंनी मग होणाऱ्या जावयाला फोन लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असा धरला. "तुम्हाला नवरीचे केस कसे आवडतील? अगदी मोकळेपणानं सांगा."

 परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यासारखा तो पलीकडे चाचरला. "आत्ता आहेत ते," तो शेवटी म्हणाला.

"अहो, पण त्याहून लांब?"

"लांब म्हणजे... दुसऱ्या कुणाचे?"

"मुलगा गुणी आहे," फोन बंद करीत ताई म्हणाल्या, "पण यातलं त्याला काही कळत नाही. तू घालणार आहेस की नाही ते सांग. नसशील घालणार तर दुसरीकडे नेते. आणि मग लग्नाला पाहुण्यासारखी ये, पाहुण्यासारखी जेव आणि जा."

मावशींच्या हातातला कंगवा थांबला. आईच्या मागे त्यांना वाढवले होते ते ताईंनीच. आणि मावशींना स्वतःचे मूल नव्हते; जी होती ती समोर खुर्चीत बसलेली, पाय हलवणारी चिमणी. हो म्हणावे तर पोरीचे डोके जाणार, नाही म्हणावे तर बहीण. एका मानेवर असे दोन भार कुठल्याच रचनेत बसत नाहीत.

शेंडी तुटो वा पारंबी, असे मनाशी म्हणून मावशींनी जन्मात प्रथमच गंगावन हाती घेतले. आकडे लावले, चाप लावले, एक काळी फीत कपाळावरून नेऊन मानेखाली बांधली, आणि वरून दुकानातला सगळा फवारा मारला. चपलांचे दुकानदार दारात येऊन शिंकून गेले.

"आता नाही म्हण," मावशी म्हणाल्या.

चिमणीने मान हलवली. डोके डावीकडे वळले; अंबाडा थोडा विचार करून मग वळला. डोके उजवीकडे आले तेव्हा तो अजून डावीकडेच होता. ते आरशात पाहून चिमणीला हसू आले, आणि हसण्यासरशी तो घरंगळत डाव्या कानावर येऊन विसावला. मावशींनी रुमाल टाकला. चिमणी वाकली. अंबाडा तिचे डोके सोडून जमिनीवर उतरला आणि उतारावरच्या चेंडूसारखा उंबरा ओलांडून रस्त्याला लागला.

बाहेरून चपलावाल्यांचा शांत आवाज आला. "मावशी, तुमचं काहीतरी पळालं."

ताईंनी धावत जाऊन तो आणला, पदराने झटकला. "लग्नात ती वाकणार नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "हसणारही नाही."

"आणि नाही म्हणणार?" मावशींनी विचारले.

"'नाही' तर मुळीच म्हणायचं नाही."

"मग मी लग्नाला येऊ तरी कशाला?" चिमणी म्हणाली. "हा अंबाडाच पाठवा. उरलेलं तो बघून घेईल." पण तिच्या थट्टेतला जोर ओसरला होता. ताई पुन्हा झटकायला दाराशी गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "मावशी, खरं सांगू? आरशात मला मी दिसतच नव्हते. आई दिसत होती."

मावशींनी आरशाकडे पाहिले. आरशात खुर्चीमागे, दाराशी, ताई उभ्या होत्या. आपल्याला कुणी पाहत नाही अशा समजुतीने त्यांनी ते गंगावन स्वतःच्याच मानेवर धरले होते, आणि हनुवटी उचलून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने स्वतःला निरखत होत्या.

इतकी वर्षे मावशींनी खुर्चीत बसलेले डोके तेवढे मोजले होते. खुर्चीमागे कोण उभे आहे, हे पाहायचे त्यांना कधी सुचलेच नव्हते.

"चिमणे, ऊठ," त्या म्हणाल्या. "ताई, बस."

"मी कशाला? माझं काय?"

"बस गं."

ताई बसल्या. मावशींनी त्यांच्या मानेवरची मुठीएवढी घट्ट गाठ सोडली, आणि केस खुर्चीच्या पाठीवरून खाली, पार बैठकीच्याही खाली उतरले. काही रुपेरी, बहुतेक काळे. चिमणी आ वासून पाहत राहिली. आईचे केस तिने मोकळे कधी पाहिलेच नव्हते.

"माझ्या लग्नाच्या आधी ताप आला होता, तुला आठवतंय?" ताई आरशाशी बोलल्यासारख्या बोलल्या. "डोकं भादरावं लागलं. डोक्यावरून कापड घेऊन उभी राहिले. एक फोटो नाही लावता आला भिंतीवर. मग केस आले, पण तोवर लग्न होऊन गेलं होतं. दोन्ही एका वेळी कधी आलंच नाही बघ."

 मावशींनी तळहात आडवा धरला, केस कुठवर पोचतात ते पाहिले, मान चाचपली. "भक्कम आहे," त्या म्हणाल्या. "याला उसनं काही लागत नाही."

"अगं, लोक काय म्हणतील? मुलीच्या लग्नात आईचा अंबाडा?"

"म्हणतील, नवरीपेक्षा नवरीची आई बरी," चिमणी म्हणाली. "ते तसेही म्हणणारच होते."

लग्नाच्या दिवशी चिमणीच्या ओल्या केसांत मावशींनी एका बाजूला भांग पाडला आणि कानावर पांढरी फुले खोवली. ते काम चहा निवायच्या आत आटोपले. उरलेली सारी सकाळ ताईंच्या डोक्याला गेली. सभागृहात फोटो काढणाऱ्याने ताईंनाच नवरदेवाशेजारी उभे केले, आणि चूक कळल्यावरही लगेच हलू दिले नाही. नवरदेवाच्या कमी ऐकू येणाऱ्या काकांनी ताईंना सुखाचा संसार चिंतला. ताईंनी तो स्वीकारला. त्या दिवशी त्यांनी कारण नसताना कितीतरी लोकांना मान हलवून नाही म्हटले. चिमणी मनसोक्त हसली. तिचे एक फूल नवरदेवाच्या सरबतात पडले आणि त्याने ते गिळले.

पुढे मावशींच्या दुकानात एक दुसरी खुर्ची आली. तीवर नवरीच्या आईला बसवीत आणि आधी तिचे केस सोडून पाहत.

आता मावशी नाहीत. दुकानाची भिंत पाडून बेकरीवाल्यांनी आपली जागा वाढवली. मावशींच्या हातच्या अंबाड्यातला ताईंचा फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल असा लावलेला आहे. नवरानवरीचा फोटो आतल्या खोलीत आहे.