टांझानियाचा इतिहास आणि लग्नपत्रिकेतला हत्ती

आदरणीय हिलाल सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझा लेख का असावा, हे मला अजून उमगलेलं नाही. बाकीचे लेखक प्राध्यापक, प्राचार्य, सरांचे नावाजलेले विद्यार्थी. मी शहाद्याचा छापखानेवाला. आमचं घराणं मारवाडातून आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणारं. शाळेत इतिहासात मी कसाबसा काठावर पास होत असे. पण ग्रंथाच्या समितीचे चिटणीस म्हणाले, "कांतिलालशेठ, सरांचं पुस्तक तुम्हीच छापलं ना? मग लिहा." आता छापणारा लिहायला बसला की काय होतं, ते वाचकांनी सोसावं.

सरांची नि माझी पहिली भेट भर लग्नसराईतली. छापखान्यात पत्रिकांचे गठ्ठे, दारात गिऱ्हाइकांची झुंबड, आणि त्यात एक उंच, सावळे गृहस्थ खांद्याला कापडी पिशवी लावून शांतपणे उभे. मी मान वर न करताच विचारलं, "पत्रिका कोणाची?"

"टांझानियाची."

"मुलाकडचे का मुलीकडचे?"

सर इतके मोकळे हसले की ट्रेडल चालवणारा माणूस मशीन थांबवून बघायला लागला. मग त्यांनी पिशवीतून हातानं लिहिलेल्या सातआठशे कागदांची चळत काढून माझ्या टेबलावर ठेवली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका देशाचा इतिहास, अगदी आदिमानवापासून स्वातंत्र्यापर्यंत, मराठीत. लिहिणारा जवळच्या कळसाडी गावच्या कापूस-उसाच्या शेतकऱ्याचा मुलगा, जो जन्मात कधी आफ्रिकेला गेला नव्हता. मी मनात म्हटलं, याला वेड लागलंय. हे सरांना पुढे सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर ओळखलंस."

हे वेड लागलं कसं, तेही सांगतो. सर महाविद्यालयात जगाचा इतिहास शिकवत. क्रमिक पुस्तकात आफ्रिकेच्या वाट्याला युरोपियनांनी तिची वाटणी केली तेवढंच आलेलं. एकदा सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, गोरे येण्याच्या आधी तिथं कोणी राहत नव्हतं का?" सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही, बघून सांगतो. बघून सांगायला त्यांना अकरा वर्षं लागली. तोवर ती मुलगी अक्कलकुव्याला शिक्षिका झाली होती. पुस्तकाची पहिली प्रत सरांनी एसटीनं जाऊन तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे बाई, तुझं उत्तर. उशीर झाला."

सरांची लिहिण्याची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. प्रकरण लिहून झालं की ते छापायला देत नसत. त्यात ज्या कामाचं वर्णन असेल ते काम हातानं करणाऱ्या माणसाला शोधत आणि त्याला ते वाचून दाखवत. आदिमानवाच्या दगडी हत्यारांचं प्रकरण त्यांनी पाटे-वरवंटे घडवणाऱ्या एका वडाराला बाजारात बसून ऐकवलं. तो म्हणाला, दगड असा समोरून नाही फुटत, कडेला तिरपा ठोका द्यावा लागतो. सरांनी तिथल्या तिथं वाक्य दुरुस्त केलं.

सगळ्यात मोठी दुरुस्ती मात्र कळसाडीच्या शेतात झाली. जर्मन अंमलदारांनी तिथल्या लोकांना सक्तीनं कापूस लावायला लावला, लोकांनी एक दिवस झाडं उपटून फेकली आणि 'माजी माजी' नावाचं बंड उभं राहिलं, हे प्रकरण सर निंदणी करणाऱ्या बायांना वाचून दाखवत होते. तिथल्या लोकांनी आळसामुळे कापसाची निगा राखली नाही, असं एका साहेबी अहवालावरून त्यांनी लिहिलं होतं. एका म्हातारीनं खुरपं खाली ठेवलं.

"कसाना आळस, सर? साहेबना कापूस निंदाले गयात ते घरनी ज्वारी कोन निंदी? दोन्हीस्नी निंदनी एकच येळले येस ना!"

सर सांगत, "कांतिलाल, मी कापसाच्या घरातला माणूस. हे मला कळायला हवं होतं, आणि मी साहेबाच्या कागदावर विश्वास ठेवला." त्यांनी ते सबंध प्रकरण नव्यानं लिहिलं. आज अभ्यासक त्याच प्रकरणाची तारीफ करतात.

आता माझ्याकडे येतो. माझी जी चूक झाली, ती फक्त लग्नपत्रिका छापणाराच करू शकतो.

हस्तिदंताच्या व्यापाराच्या प्रकरणात एक पान अर्धं कोरं राहत होतं. कोरी जागा दिसली की छापखानेवाल्याचा हात शिवशिवतो. माझ्याकडे लग्नपत्रिकांवर छापायचा हत्तीचा एक सुबक ब्लॉक, म्हणजे ठसा, होता, पाठीवर अंबारी, सोंडेत हार. हत्तीचं प्रकरण, म्हणून दिला ठोकून. प्रूफ बघून सर आधी पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "शेठ, तुमचा हत्ती लग्नाला निघालाय. माझा हत्ती मेलाय. जरा प्रकरण वाचा."

तोवर मी अक्षरं जुळवत होतो, वाचत नव्हतो. त्या दुपारी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंत हस्तिदंत माणसांच्या खांद्यावरून यायचा, काही मजुरीवरचे हमाल, काही गुलाम. झांजिबारला बसलेले आपल्याकडचे व्यापारी त्या तांड्यांना माल पुरवायचे. तिथून दात गलबतांनी मुंबईला, आणि पुढे कच्छ, गुजरात, मारवाडातल्या बांगड्या कातणाऱ्यांकडे. आमच्या लग्नांतले चुडे त्याचेच. सरांनी कुठे आवाज चढवला नव्हता. सरळ लिहिलं होतं की गुलामांच्या खांद्यावरच्या त्या व्यापाराचा फायदा ज्यांना झाला, त्यांत आपलेही लोक होते.

मी तडक सरांच्या घरी गेलो. "सर, हे पान काढा. आम्ही मुंगीला जपणारी माणसं. या गावात चार घरं आमची, रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचंय मला. हे माझ्या छापखान्यातून निघालं तर ते मला दारात उभं करणार नाहीत. नाहीतर घ्या तुमचे कागद, दुसरीकडे छापा!"

हे बोलताना माझा आवाज चांगलाच चढला होता. सरांच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सरांनी मला बसवलं, पाणी दिलं. वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "पान काढणार नाही. पण हे प्रकरण मी अजून कोणाला वाचून दाखवलेलं नाही, तेवढी माझी चूक. उद्या दुपारी तुमच्या घरी येतो. तुमच्या बाईंना ऐकवतो. चुड्याची माहिती त्यांना."

बाई म्हणजे माझी आई. मला वाटलं, झालं, आता म्हातारीच सरांना घालवून देईल. माझं काम परस्पर होतंय तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सर दुकानामागच्या खोलीत चटईवर बसले. बाई घरात मारवाडी बोलायची, पण सारा जन्म शहाद्याच्या दुकानात गल्ल्यावर गेलेला, त्यामुळे गिऱ्हाइकांशी आणि सरांशी अहिराणी. "वाचा तुम्हीन, मी आयकस," म्हणाली आणि डोईवरचा पदर सावरून बसली. सर तासभर वाचत होते. मी दारात उभा. ओझ्याखाली वाटेत पडलेल्या हमालांना तिथंच सोडून तांडा पुढे जायचा, त्या ओळीशी आल्यावर बाईनं हात वर करून थांबवलं. उठली, आतल्या पेटीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. मनगटापासून दंडापर्यंतचा, जुन्या लोण्यासारखा पिवळा पडलेला चुडा.

"हाऊ मन्ही सासूना चुडा शे. हाऊ तठलाच का, सर?"

सर म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही, बाई. पण त्या काळातला असेल तर बहुतेक तिथलाच."

बाई बराच वेळ एकेक बांगडी बोटांनी फिरवत राहिली. मी घाईघाईनं म्हटलं, "बाई, सरांना सांग ना ते पान काढायला." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा सहा वर्षांचा झालो. सरांनाही कळावं म्हणून अहिराणीतच म्हणाली,

"पान तू काढी टाकशी रे. पन हाऊ चुडा मी कोठे लपाडू?"

मग सरांकडे वळून, "छापा तुम्हीन. यानी नै छापं ते माले सांगा."

चुडा पाहिल्याचा उल्लेख प्रकरणात करू का, असं सरांनी विचारलं. बाई हो म्हणाली, मी नको म्हणून हात जोडले. माझी अवस्था बघून सरांनी नाव घातलं नाही. "खानदेशातल्या एका व्यापारी कुटुंबात" एवढंच लिहिलं. सत्य एक अक्षरही न सोडता माणसाची अब्रू कशी सांभाळायची, ते मी त्या दिवशी पाहिलं. हत्तीचा ब्लॉक काढला आणि अर्धं पान कोरंच छापलं.

नातलग बोलायचे ते बोललेच. दोन घरांनी त्या वर्षी पत्रिका माझ्याकडे छापल्या नाहीत. नंतर मुकाट आले.

सरांच्या मायेचा एकच प्रसंग सांगतो, नाहीतर समिती कात्री लावील. पुस्तक छापून होत आलं असताना माझे वडील चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात होते. मी तिथंच अडकलेलो. तिसऱ्या दिवशी सर एसटीनं हजर, एका हातात डबा, दुसऱ्या हातात शेवटच्या प्रकरणाची प्रूफं. मला म्हणाले, "तू झोप." जागा झालो तर सर वडिलांच्या उशाशी बसून त्यांना वाचून दाखवत होते. युद्ध न करता तो देश स्वतंत्र कसा झाला, पुढारीपण करणारा मुळात शाळामास्तर कसा होता, आणि किलिमांजारोच्या शिखरावर मशाल कशी पेटवली गेली. दुकानाबाहेरचं जग न पाहिलेले माझे वडील डोळे मिटून म्हणाले, "मास्तर शे ना, मंग बराबर करी तो."

आता सांप्रतचं. बाई चार वर्षांपूर्वी गेली. चुडा माझ्याकडे आहे, विकत नाही, कोणी घालतही नाही. सरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मशीनं बदलली, सरांची नजर मंदावली, रीत तीच. माणसावर लिहिलंस तर त्यालाच आधी वाचून दाखव, हा त्यांचाच नियम. म्हणून गेल्या आठवड्यात कळसाडीला जाऊन हा लेख मी त्यांना ऐकवला. स्तुतीची सहा वाक्यं त्यांनी उडवली. वाचकांनी ती मनात धरावीत.

मग मी पिशवीतून नव्या आवृत्तीचं एकशे बारावं पान काढलं, तेच अर्धं कोरं राहिलेलं. सरांना न विचारता त्यावर मी चुड्याचा फोटो टाकलाय. आणि त्याखाली मी स्वतः लिहिलेली ओळ सरांना वाचून दाखवली: "हस्तिदंताचा चुडा. झमकूबाई यांचा. या पुस्तकाच्या मुद्रकाची आजी."

सरांनी ते हातात घेतलं. पान डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा वाच." मी वाचलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सरांची नजर, चाल आणि ते मशीन थांबवणारं हसू देवानं असंच शाबूत ठेवावं. या आवृत्तीची प्रूफं त्यांच्याच हातून तपासून जायची आहेत आणि तिसऱ्या आवृत्तीचीही, तेव्हा सर, तब्येतीला जपा. एकशे बाराव्या पानाची काळजी मात्र करू नका. ते पान आता माझं आहे.