गिरजाबाईंना खरंच ऐकायचं होतं

गिरजाबाई गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. नागभीडच्या स्टँडवर सावली गावाकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीपाशी मी नेहमीसारखी उभी होते, हातात कॅसेटचं पाकीट घेऊन. कित्येक वर्षं ही पाकिटं या कंडक्टरच्याच हातून गिरजाबाईंकडे जायची आणि ऐकून झालेल्या कॅसेटी त्यांच्याच हातून परत यायच्या. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला नाही. "मॅडम, हे आता तुमच्याजवळच ठेवा. बुढीमाय गेली परवा..." असं म्हणाले आणि उगाचच तिकिटांची पेटी उघडझाप करू लागले. पाकिटात दुष्काळांच्या इतिहासाची तिसरी कॅसेट होती. पहिल्या दोन ऐकून 'पुढचं लवकर धाड' असा निरोप आला होता. मी शाळेत गेले, हजेरी घेतली आणि मुलांसमोरच रडू फुटलं. याला आता दीड महिना झाला.

गिरजाबाई सावलीजवळच्या एका खेड्यातल्या. ढिवर घराणं. नवरा तलावात जाळं टाकायचा, त्या मासे विकायच्या आणि दिवाळीनंतर शिंगाडे उकडून, सोलून बाजारात न्यायच्या. शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. मी तिथल्या खासगी शाळेत तात्पुरती शिकवायचे, त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचे आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नसे. सहा महिने झाले असतील. एका सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "काऊन वं पोरी, त्या राजाच्या भावाचं काय झालं मंग? काल तू मधातच थांबली." बाई सहा महिने कधी मासे साफ करता करता, कधी शिंगाडे सोलता सोलता माझा इतिहासाचा सगळा अभ्यास ऐकत होत्या! वाचताना एखाद्या ओळीखाली रेघ मारली की मी 'महत्त्वाचं' असं तोंडानं म्हणायचे. तेही पुस्तकातलंच, असा त्यांचा समज. नवऱ्याला सांगताना म्हणायच्या, "मंग इंग्रज आले. महत्त्वाचं."

मला वाटलं, बाईंना गोष्टींची आवड आहे. म्हणून मी एक कादंबरी आणून वाचायला लागले. दोन पानं त्यांनी ऐकून घेतली. "हे खरंच झालं का?" म्हणाल्या. नाही म्हटल्यावर चाकू पुन्हा शिंगाड्याला लावला. "मंग कायले आयकाचं? खोटं बोलणारे त आमच्या घरीच लय हायेत." नवरा ओसरीवर जाळं विणत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. तेव्हापासून आमच्यात ठरलं, जे खरोखर घडलं तेवढंच वाचायचं.

परीक्षेत मी दोनदा आपटले. मग नागभीडला शिक्षिकेची नोकरी लागली. घरी पेढे वाटले, पण गिरजाबाईंचं तोंड उतरलं. "तू गेली त पुढचं कोण सांगंल?" त्यांचा मुलगा रामदास नागपूरला बांधकामावर होता, त्यानं तिकडून एक टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावरून कॅसेटी सुरू झाल्या. मी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात बसून पुस्तक वाचत रेकॉर्ड करायचे. कुकरच्या शिट्ट्याही त्यात जायच्या आणि तिकडून निरोप यायचा, "दोनच शिट्ट्या झाल्या, दाळ कच्चीच राह्यली असंल." सेल उतरले की त्या ते छपराच्या कवेलूंवर उन्हात तापवायच्या. आवाज घोगरा, लांबलेला झाला तरी ऐकत राहायच्या. त्यांची अट एकच. "पान पलटलं का नंबर सांगत जा. कोणी म्हणलं, बुढी थापा मारून राह्यली, त पान दाखोता आलं पाह्यजे." मी प्रत्येक पानाचा नंबर सांगत गेले.

त्या कशाची वाट बघताहेत, हे मला उशिरा कळलं. गावच्या तलावाची पाळ बांधली तेव्हा आपल्या घरातल्या बायांनी डोक्यावर माती वाहिली, हे त्यांना सासूनं सांगितलं होतं. एवढी पुस्तकं आहेत, एवढे राजे आहेत, तर कुठेतरी हेही लिहिलेलं असेलच, असा त्यांचा सरळ हिशोब. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या वेळी विचारायच्या, "याच्यात आमचा तलाव हाय का?" मी नाही म्हणायचे. असं तीन-चार वर्षं चाललं. मग मला जिल्ह्याच्या इतिहासाचं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात एकशे बाराव्या पानावर तो तलाव होता... एका ओळीत. मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं बांधला, एवढंच.

मी टेप थांबवला. एवढ्या वर्षांच्या वाट पाहण्याला हे उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. कागद घेतला आणि एक वाक्य जुळवलं, 'या कामी गावातील ढिवर स्त्रियांनी माती वाहून मोठे कष्ट घेतले.' पुस्तकी भाषा मला चांगली जमते. बटण दाबलं आणि त्याच सुरात वाचून टाकलं. खरं सांगते, त्या दिवशी मला फार छान वाटलं होतं.

तिकडे ग्रामपंचायतीनं तलावाच्या पाळीवर दगडी पाटी लावायचं ठरवलं होतं, याची मला गंधवार्ता नव्हती. सरपंच म्हणाले, पुस्तकात असेल ते कोरू. ग्रामसभेत कधी तोंड न उघडणाऱ्या गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, पान एकशे बारा काढा." शाळेच्या गुरुजींनी पाटीसाठी ते पुस्तक मागवून ठेवलंच होतं. एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मागून कोणीतरी बोललं, "टेपात आलं असंल, बाई!" आणि सभा हसली. पाटीवर मालगुजाराचं एकट्याचं नाव लागलं.

कॅसेट निरोपाशिवाय परत आली आणि सभेत काय झालं ते कंडक्टरनंच सांगितलं. रविवारी गेले. त्यांनी नेहमीसारखा चहा दिला, पण बस म्हणाल्या नाहीत. मी माफी मागू लागले तर थांबवलं. "तू माह्यासाठी केलं, समजते मले. पण पोरी, माह्यं जे खरं होतं, तेही आता खोटं झालं." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "आधीच्या पुस्तकायत कुठी कुठी घातलं तू?" हा प्रश्न मला आजही सोडत नाही. मी शपथेवर सांगितलं, कुठेच नाही. त्यांनी टेप पुढे सरकवला. "ते पान पुन्हा वाच. जसं हाय तसं." मी त्यांच्यासमोर वाचलं. त्यांनी ऐकून मान हलवली आणि मी निघाले. तीन महिने काही निरोप नव्हता. मग एक दिवस कंडक्टर हसत म्हणाले, "बुढीमायनं पुढचं मांगतलं." त्यानंतर मी एक काना-मात्रा इकडची तिकडे केली नाही. माणसाला दुसरी संधी मिळते, पण देणाऱ्याला ती किती जड जात असेल, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. शिंगाड्याची टोपली पालथी घातलेली होती. रामदासनं एक कॅसेट काढली आणि म्हणाला, "मॅडम, हे तुमी आयकली नसंल." आधी माझाच आवाज, पान एकशे बारा, मालगुजाराची ओळ. मग खट् झालं आणि गिरजाबाई बोलू लागल्या, सावकाश, मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं.

"इथवर पुस्तक होतं. आता मी, गिरजा, सांगून राह्यली. हे पुस्तकात नाई. पाळ बांधली तवा आमच्या बायायनं माती वाह्यली. माह्या सासऱ्याची आजी पाळीवरच बाळंत झाली, व तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा टोपली उचलली. हे मले सासूनं सांगतलं. सासूले तिच्या सासूनं. मी पाह्यलं नाई..." मध्ये बराच वेळ कोंबड्यांचा आवाज. "तिले सारे पांडूची माय म्हणत. तिचं सोताचं नाव मी इचारलं होतं. सासूलेही माहीत नव्हतं. माहीत नाई, त माहीत नाई."

रामदास खाली मान घालून बसला होता. मी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिला एखादं नाव देणं किती सोपं होतं. गावात कोण तपासायला बसलं होतं...

मी दिलं असतं.