सालीसकट

छापखान्याच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं एकाच माणसाने स्वयंपाक केला. सगळे त्याला मामा म्हणत, मालकसुद्धा. हात मोठा, तोंड त्याहून मोठं. ताटात कुणी काही टाकलं की मामा झारा घेऊन त्याच्यापाशी उभा. "आजारी आहात? नाही ना? मग संपवा." देठं, साली, सगळं तो कशात ना कशात घालायचा. सत्त्व सालीतच असतं, असं त्याच्या आईने त्याच्या डोक्यात बसवलं होतं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही शाबूत असलेले आपले दात तो पुरावा म्हणून दाखवायचा.

पहिल्या मजल्यावरचे एक मुद्रितशोधक मात्र या हिशेबात बसत नव्हते. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून त्यांना 'स्वल्पविराम' असंच नाव पडलं होतं. जेवणानंतर प्रत्येकाला एक सफरचंद मिळे. स्वल्पविराम खिडकीशी येऊन हळूच म्हणत, "मामा, माझं सोलून द्याल? गर चालतो, साल चालत नाही. ओठ सुजतात."

मामा सोलून द्यायचा, पण साल उंच धरून म्हणायचा, "बघा, औषध फेकतोय." रांग हसायची. स्वल्पविरामही हसायचे.

एकदा रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मामा, उद्यापासून द्राक्षंही सोलून ठेवा यांच्यासाठी." या वेळी हशा मामावर होता. तो त्याच्या मनाला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने सफरचंदं स्वच्छ धुतली, सालीसकट मिक्सरमधून काढली, दुधात घालून गाळली आणि पेले भरले.

स्वल्पविरामांनी पेला हातात घेऊन विचारलं, "साल काढलीय ना?"

"काढलीय," मामा म्हणाला.

पेला रिकामा झाला की सगळ्यांदेखत सांगायचं, बघा, काही झालं का, असा त्याचा बेत होता. त्यासाठी तो खांद्यावर फडकं टाकून टेबलाजवळच थांबला.

आधी ते तळहात खाजवू लागले. मग ओठ जाड झाले, आवाज घोगरा झाला. "मामा," एवढंच ते म्हणाले. पुढचे शब्द घशातून बाहेर आलेच नाहीत.

बाइंडिंगच्या बाईंनी त्यांची कॉलर सैल केली, कुणी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडून विचारलं, काय खाल्लं होतं? बाई म्हणाल्या, "साल तर नक्की नाही. मामा आठवणीने काढतात." सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा गप्प राहिला. अँब्युलन्स दाराशी येईपर्यंत गप्पच राहिला. नर्सने पुन्हा तेच विचारलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"सालीसकट होतं. मीच घातलं."

मांडीत इंजेक्शन देता देता ती म्हणाली, "आधी का नाही बोललात?"

स्वल्पविरामांचा जीव वाचला. दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात गेला. व्हरांड्यात त्यांची बायको भेटली. ती उठून उभी राहिली. "तुम्हीच ना मामा? हे नेहमी सांगतात, तुम्ही न चुकता सोलून देता म्हणून. माझ्या हातून एकदा चूक झाली होती, पण तुमच्याकडे ते निर्धास्त जेवतात."

धरणीने पोटात घ्यावं असं मामाला झालं. खाली बघत त्याने सगळं सांगितलं. ती पुन्हा बाकावर बसली.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग आत जाऊन सांगा. हे मी सांगणार नाही."

आत स्वल्पविराम उशीला टेकून बसले होते. डोळे अजून सुजलेले. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"चालत नाही म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"नखरे वाटले."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर डॉक्टर भेटले. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत, तेच मामाला जड गेलं. "धुतलेली साल बहुतेकांना पचते. तुम्हालाही पचते. म्हणून ती सगळ्यांना पचेल असं नाही, आणि हे खायला घालून तपासायचं नसतं."

मालक म्हणाले, चुकून झालं म्हणू या. मामा नाही म्हणाला. महिनाभर त्याला घरी बसवलं. परत आला तेव्हा वही घेऊन तो प्रत्येकाकडे गेला, "तुम्हाला काय चालत नाही?" सातजणांनी काही ना काही सांगितलं. कागदांच्या घड्या घालणाऱ्या यंत्रावरची बाई आधी सांगेचना. शेवटी म्हणाली, "शेंगदाणे. अकरा वर्षं दाण्याची भाजी रुमालात बांधून बाहेर टाकतेय. ताटात टाकली की तुम्ही चारचौघांत बोलता."

मामाने वहीत लिहिलं.

स्वल्पविराम आता घरून डबा आणतात. मामाने त्यांना कधी जेवायचा आग्रह केला नाही. जिन्यात गाठ पडली की तो कडेला सरकतो.

"बरं आहे ना?"

"बरं आहे," ते म्हणतात आणि वर जातात.