घरचा वस्तरा

मामांना आधी वाटलं, साबणाचा फेसच ओघळला. मग गाल पुसला, तर बोट लाल झालं. साऱ्या गल्लीची दाढी-कटिंग करण्यात जन्म गेलेला माणूस. गिऱ्हाईक त्यांच्या वस्तऱ्याखाली मान देऊन खुशाल घोरायचं. आणि आज स्वतःच्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्याच आरशासमोर हे.

मामींनी तुरटी दिली. "वय झालं आता. हात कापतो माणसाचा."

मामांनी हात पुढे धरून पाहिला. पाहत राहिलं की कुणाचाही हात थोडा हलतोच.

दुकानात त्यांनी नुसती कात्री चालवली. नेहमीचा पोस्टमन येऊन खुर्चीत बसला.

"आज दाढी नाही," मामा म्हणाले.

"का? वस्तऱ्याचा उपास?"

मामा हसले नाहीत. पुढेही दाढी नाहीच. शेवटी पोस्टमन पलीकडच्या सलूनमधून गुळगुळीत होऊन, मान खाली घालून दुकानावरून गेला. त्या दिवशी जेवताना मामा म्हणाले, "दुकान पुतण्याच्या गळ्यात घालतो." मामींनी वाढता वाढता नुसतं "हं" केलं.

दुकानातला वस्तरा मामा दर गिऱ्हाइकाला अंगठ्याच्या नखावर फिरवून बघायचे. धारेत खाच असली की नखाला कळते. घरचा कधी बघितला नव्हता. त्याला दुसरं कोण हात लावणार? पुतण्यासाठी सामान काढताना तो सहज नखावर फिरवला. मधेच अडकला.

"अगं, हा कुणी घेतला होता?"

मामी भाजी निवडत होत्या. "टाचेचं कातडं वाढलं होतं. काढताना फरशीवर पडला."

"कधी?"

"तुम्हाला लागलं, त्याच्या आदल्या दिवशी."

"आणि हात कापतो म्हणालीस."

"सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं तुम्ही."

"घेतलं असतं. संध्याकाळपर्यंत खालीही ठेवलं असतं."

मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हात चांगला आहे ना? मग झालं तर."

हात चांगलाच होता. पोस्टमनच्या गळ्यावरून वस्तरा अलगद उतरला. तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "उगाच छळलंत, मामा." पुतण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी दाढी करणं मात्र मामांनी सोडलं; आता ती दुकानातच होते. मामी अजून सकाळी गरम पाण्याची वाटी आरशाखाली ठेवतात.

"अहो, पाणी निवतंय."

"निवू दे," म्हणत मामा चपला घालतात.