भोंग्यावर जेवणारी बाई

साखर कारखान्यात मी एक दिवसही कामाला नव्हते, तरी तिथल्या तिन्ही पाळ्या मी इमानदारीत केल्या. बॉयलरवर उभा राहायचा नवरा आणि उपाशी राहायची मी.

त्याचं असं होतं. घरधनी जेवल्याशिवाय बाईनं ताटाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. शेतकऱ्याच्या घरात ती निभते, कारण दिवस मावळला की शेतकरी आपोआप घराकडे वळतो. पण आमच्या भागात सहकारी कारखाना निघाला, नवऱ्याला नोकरी लागली आणि आमच्या चुलीचा कारभार सूर्याकडून भोंग्याकडे गेला. पाळी दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा तो दुपारी यायचा, एक आठवडा रात्री, एक आठवडा पहाटे. रीत मात्र होती तिथंच. त्यामुळं मीही कधी दुपारी जेवायची, कधी रात्री, कधी कोंबड्याच्या बांगेबरोबर. झोपही तशीच, तुकड्यातुकड्यांची.

आणि मला त्याचा तोरा किती! हळदीकुंकवाला गेले की मुद्दाम सांगायची, "आमचे हे आल्याबिगर मी पानी बी पीत न्हाई." पाणी प्यायची हो, चांगलं तांब्याभर! पण सांगायला काय जातं? शेजारणी "लई गुनाची" म्हणायच्या आणि ही गुणाची बाई रिकाम्या पोटी फुगून घरी यायची.

गंमत अशी की दारात म्हैस होती, तिचं दूध गावच्या डेअरीत जायचं आणि तिच्या बाबतीत मी फार कडक. तिचं आंबोण वेळेवर, पाणी वेळेवर, धार वेळेवर. जरा मागंपुढं झालं की ती पान्हा चोरायची आणि मी घर डोक्यावर घ्यायची. म्हशीचं सगळं कळत होतं. स्वतःची वेळ आली की अक्कल गोठ्यात बांधलेली.

तिशीही उलटली नव्हती तेव्हा छातीत फडफड सुरू झाली. पोत्यात कोंबडी कोंबावी तशी. एक दिवस डेअरीच्या रांगेतच डोळ्यांपुढं अंधारी आली, दूध सांडलं आणि मी त्याच्यावर. धारूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला.

"बाई, या वयात एवढं प्रेशर? घरात कुणाला आहे?"

माझे वडील चाळिशीत छाती धरून गेले होते. मी ते सांगितलं. माझा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. "आणि वेळेवर जेवायचं, वेळेवर झोपायचं."

"वेळेवर म्हंजी कोनत्या वेळंवर?"

"कोणत्याही. पण रोज एकाच."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुमाला काय, तुमच्या घरी भोंगा न्हाई. गोळी घेतली, लोणचं सोडलं, वेळेचं तेवढं विसरले. फडफड चालूच राहिली.

पुढच्या साली पाऊस झालाच नाही. होता तो ऊस तोडून जनावरांना घातला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं, भोंगा मुका झाला. सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली. सासूबाई मुलांना घेऊन घरी राहिल्या आणि आम्ही नवराबायको म्हैस घेऊन छावणीत गेलो. तो चाऱ्याच्या गाड्या उतरवायचा, मी शेणपाणी बघायची. धुरळा डोळ्यांत, टँकरचं पाणी मोजून मापून, भाकरी अर्धी. पण ती अर्धी भाकरी दिवस मावळताना सगळ्यांच्याच फडक्यातून एकदम सुटायची. नवरा माझ्या शेजारीच बसलेला असायचा, तेव्हा रीत मोडायचा प्रश्नच नव्हता. अंधार पडला की तेलाची बचत म्हणून सगळी छावणी आडवी.

पंधरवडा-तीन आठवडे गेले असतील, माझ्या लक्षात आलं की छातीतली कोंबडी गप्प झालीय. गोळी तीच. उलट अन्न कमी, ऊन जास्त, काळजी तर विचारू नका.

एकदा चाऱ्याची गाडी लागोपाठ उशिरा आली. म्हशीनं दूध चोरलं. मी पदर खोचून छावणीच्या कारकुनापुढं उभी. "आवं, जनावराला येळंवर न्हाई भेटलं तर त्याचं आतलं बिघडतंय! मुकं हाय म्हनून काय झालं?"

शेजारच्या दावणीची बाई शेण थापत होती. तिला मी माझ्या छातीचं आणि उपासाचं पुराण दहा वेळा ऐकवलं होतं. ती मान वर न करताच म्हणाली, "त्या म्हशीला तर लई जपतीस. आन तू घरी कावून उपाशी मरतीस गं? तुला तर तोंड हाय."

कारकून फिदीफिदी हसला. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मला धारूरचे डॉक्टर आठवले: कोणत्याही वेळेला, पण रोज एकाच.

आता नात शिकते आहे, शरीराचंच काहीतरी. दिवाळीला आली तेव्हा ही गोष्ट ऐकून तिनं मला समजावलं. "आज्जे, आपल्या एकेका पेशीत घड्याळ असतंय. काटे न्हाईत त्याला, जनुकं असतेत. ती एक माल तयार करतेत. माल साचत गेला की तोच माल त्या जनुकांचं काम थांबवतो. मग माल हळूहळू संपतो, की पुन्हा काम चालू. एका फेऱ्याला साधारण एक दिवस-रात्र."

"म्हंजी साखरेचं गोदाम भरलं की गाळप बंद. गोदाम रिकामं झालं की पुन्हा उसाची मोळी टाकायची."

"हां, तसंच! मोठं घड्याळ मेंदूत. ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतंय. पर हृदयाचं निराळं, काळजाचं, म्हंजी यकृताचं, निराळं. काळीज जेवणाची वेळ धरतंय. रात्री झोपेत रक्ताचा दाब उतरतो, हृदयाला इसावा भेटतो. तू झोपायच्या वक्ताला जेवायलीस, जेवायच्या वक्ताला झोपायलीस, तर मेंदू म्हनतो रात झाली आन काळीज म्हनतं दिवस उगवला. मधी हृदयाची ओढाताण."

म्हणजे माझ्या एका अंगात तिन्ही पाळ्यांचे कामगार एकदम हजर होते आणि सुटी कुणालाच नव्हती. हे नातीनं सांगितलं आत्ता. तेव्हा माझ्याकडे होती म्हैस, आणि तेवढं पुरलं.

छावणीच्या पुढच्या साली पाऊस झाला, त्याच्या पुढच्या हंगामाला ऊस उभा राहिला. धुराड्यातून धूर निघाला, भोंगा वाजला. गाव आनंदानं नाचलं. मी मात्र पाळ्या मोजत बसले. नवऱ्याला पहिलीच पाळी रात्रीची लागली. हंगामाची सुरुवात म्हणून तो दिवस असतानाच गेला. दिवस मावळला. मी मुलांना वाढलं आणि आणखी एक ताट घेऊन खाली बसले.

सासूबाई जोत्यावर होत्या. "ते कुनाचं?"

"माझं, आत्याबाई."

"ल्योक माझा आगीपुढं उभा हाय आन तू गिळतीस?"

मी पहिला घास मोडला. "गिळते. न्हाई गिळलं तर मी बापाच्या वाटंनं जाईन. मग तुमच्या लेकाला कोन वाढंल? तुमी?"

पहाटे लेक दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच सासूबाईंनी कागाळी केली. तो चपला काढत म्हणाला, "जेवू दे की, माय. मी तर कँटीनला पोटभर खाऊन येतो. ती वाट बघती म्हनून घरी पुन्हा चार घास खातो, आन मग दिवसभर ढेकर देतो."

मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी उपाशी, तो माझ्यासाठी दोनदा जेवत होता!

सासूबाईंनी तरी हार मानली नाही. "तुझ्यानं व्हत न्हाई तर मी थांबते," म्हणाल्या आणि खरंच थांबल्या. मी त्यांना समजावलं नाही. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून जेवायची, तेवढंच. शेजारणी कुजबुजायच्या, सासूबाई भिंतीकडे तोंड करायच्या, मी जेवायची. अंधार पडला की झोपायची. नवरा आला तर झाकलेलं ताट त्यानं घ्यायचं, मी उठायची नाही.

मग एका संध्याकाळी भिंतीकडूनच आवाज आला. "पिठलं केलंस का?"

"केलंय."

"वाढ थोडं. पर त्याला सांगू नगंस."

हंगाम संपत आला तेव्हा पुन्हा धारूरला गेले. सासूबाई बरोबर आल्या, मी एकटी जाऊन खोटं सांगेन म्हणून. डॉक्टरांनी पट्टा फुगवला, पुन्हा फुगवला. गोळी बंद केली नाही, आजही चालू आहे. पण आकडा उतरला होता.

"काय बदल केला?"

"काही न्हाई. जेवायला लागले."

बाहेर बाकड्यावर सासूबाई पदरानं वारा घेत बसल्या होत्या. "काय म्हनला?"

"म्हनला, असंच वेळेवर जेवत जा."

त्यांनी उन्हाकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मग हालव की पाय. दिवस कलला, एस्टी चुकली तर जेवनाला उशीर व्हईल."